मारवेलच्या मुळाशी तुझे भाडेकरू

ताई,

तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी मी कुदळ घेऊन माळावर गेलो आणि तेव्हापासून अण्णा माझ्याशी बोलत नाही. क्रियेला बसलेल्या माणसाने उंबरठा ओलांडू नये, ओलांडलाच तर मातीत हात घालू नये, असं त्याचं म्हणणं. आपला हा चुलतभाऊ खोटं सांगत नव्हता. आपल्याकडे रीत तशीच आहे. मी ती मोडली, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मोडीन. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते सगळं माफीसाठी आहे असं तुला वाटायला नको. माफी मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्याही येतील.

कॉलेजात तुझी शोकसभा झाली. तुझ्याच प्रयोगशाळेत खुर्च्या मांडल्या होत्या. एकजण म्हणाले, मॅडम अतिशय शांत स्वभावाच्या होत्या. मी मान वर करून फोटोकडे पाहिलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या सभेला आलो की काय म्हणून. घरी मागच्या पडवीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, मग तो सरपंच का असेना, "चप्पल बाहेर, हात साबणाने, आणि बोलायचं असेल तर तोंड तिकडे करून" असं सुनावणारी बाई शांत? दुसरे म्हणाले, त्या आता निसर्गात विलीन झाल्या. उठून सांगावंसं वाटलं की विलीन वगैरे काही नाही, ती मेली आहे, आणि ती मेली याचा मला राग आला आहे. उठलो नाही. सभा संपल्यावर सगळ्यांबरोबर चहा प्यायलो आणि घरी आलो. मी असाच आहे, हे तुला नव्याने सांगायला नको.

तू नक्की काय करत होतीस ते मात्र तिथे एकालाही धड सांगता आलं नाही. "गवतावर काम होतं त्यांचं," याच्या पलीकडे गाडी गेली नाही. म्हणून मीच सांगतो. चुकलो तर मधेच तोडायला तू नाहीस, आणि त्याचीच मला सवय करून घ्यायची आहे.

आपल्या वरकस जमिनीचा उतार समुद्राकडे तोंड करून आहे. तिथे भात होत नाही, आंब्याचा मोहोर खाऱ्या वाऱ्याने करपतो. होतं ते फक्त गवत. दिवाळी सरली की सगळा उतार पिवळा पडायचा, पण मोठ्या खडकाखालचा मारवेल गवताचा एक पट्टा पुढे कितीतरी दिवस हिरवा राहायचा. लहानपणापासून आपण तो बघत होतो. मी म्हणायचो, खाली झरा असेल. तू म्हणायचीस, खणून बघू. मोठेपणी तू खरंच खणलंस. झरा नव्हता. मारवेलच्या मुळांवर जिवाणू होते. हवेतला नत्र धरून गवताला पुरवणारे, मुळांना जास्त फुटवे आणणारे. असे जिवाणू गवतांच्या मुळाशी सगळीकडे असतात, दुकानात पाकिटातही मिळतात. पण पाकिटातले आपल्या खाऱ्या उतारावर टिकत नव्हते, आणि हे टिकत होते. तू त्यांना घराच्या पडवीत बाटल्यांत वाढवलंस. त्यांच्या पाण्यात मारवेलचे ठोंब बुडवून आपल्या वाटणीच्या अर्ध्या उतारावर लावलेस. वर्षामागून वर्षं तो अर्धा उतार त्या पट्ट्यासारखा होत गेला.

त्यांना तू भाडेकरू म्हणायचीस. गवत त्यांना जागा देतं, साखर देतं, ते गवताला नत्र देतात. "बिनकागदाचा करार आहे," तू म्हणायचीस, "म्हणून इतका टिकलाय."

उरलेला अर्धा उतार माझ्या वाटणीचा. आणि माझी सगळी नोकरी थळला, खताच्या कारखान्यात. आपलं भांडण तिथूनच सुरू व्हायचं.

"तुमच्याकडे एवढी आग, एवढा दाब, एवढाली यंत्रं," तू म्हणायचीस. "आणि माझे हे मुळाशी ओलीत बसून तेच करतात. आवाजसुद्धा नाही."

"ताई, तुझ्या भाडेकरूंच्या जिवावर देश जेवणार नाही."

"देशाचं तू बघ. मला हिराबाईच्या म्हशींना जेवू घालायचंय."

हिराबाई वाडीच्या टोकाला राहते, तुझ्या उतारावरचं गवत तीच कापून नेते. भांडण रंगात आलं की ती विळा खाली ठेवून ऐकत उभी राहायची. तिला आपलं नाटकच वाटायचं.

खरा मुद्दा मात्र आपल्या दोघांत एकच होता. मी म्हणायचो, ठोंब लावल्यावर सुरुवातीला थोडा युरिया घाल, गवत लवकर उभं राहील, मुळं वाढतील, मग तुझ्या भाडेकरूंनाच जास्त खोल्या मिळतील. तू म्हणायचीस, कणभर नाही. आयतं ताट वाढलं की ते आळशी होतात, हवेतला नत्र धरायचं सोडून देतात.

"हा हट्ट आहे, विज्ञान नाही," मी म्हणायचो.

"मग तुझ्या अर्ध्यात करून दाखव की. जिवाणू मी देते, युरिया तू घाल. कोणी अडवलंय?"

मी कधी करून दाखवलं नाही. माझ्या अर्ध्यात नुसता युरिया फेकत राहिलो, कारण ते सोपं होतं. श्रावणात माझा अर्धा भाग तुझ्यापेक्षा गर्द दिसायचा, आणि खालच्या रस्त्यावरून जाणारे तुला म्हणायचे, "मॅडम, भावाचं गवत बघा जरा." मी शेजारीच उभा असायचो. दिवाळीनंतर माझं आधी पिवळं पडतं हे मला माहीत होतं आणि मी ते बोलायचो नाही. तू माझ्याकडे बघायचीस. तेवढं बघणं पुरेसं असायचं, आणि तरीही मी बोलायचो नाही.

आता रविवारची गोष्ट.

बाटल्यांतले जिवाणू तसेच ठेवले तर स्वतःचंच अन्न संपवून मरतात. दर थोड्या दिवसांनी त्यांतला अंश नव्या बाटलीत घालावा लागतो, विरजण पुढे न्यावं तसा. आषाढात तुला ताप यायला लागला तेव्हा तू फोन केलास. "नंदू, रविवारी येतोस का? बाटल्या बदलायच्यात. माझा हात थरथरतोय, मला जमायचं नाही. आणि येशील तेव्हा त्यांतला एक संच तुझ्या घरी घेऊन जा. सगळं एकाच घरात ठेवणं बरं नाही." मी म्हणालो, "पुढच्या रविवारी नक्की येतो."

त्या रविवारी मी काय करत होतो ते मला आठवत नाही. सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. काही महत्त्वाचं असतं तर आठवलं असतं.

पुढच्या रविवारी तू हॉस्पिटलमध्ये होतीस. तुझ्या नाकाला नळी होती, आणि तरी तू बोटाने बाटली उपडी करायची खूण केलीस. मी म्हणालो, "हो, बदलतो, तू पड." बदलल्या नव्हत्या. तुझ्या घराची किल्ली माझ्या खिशात होती, घर वाटेवर होतं, आणि मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिलो, जणू माझ्या तिथे बसण्याने तुला काही होणार होतं.

तुला पोचवून आम्ही घरी आलो, तोवर अण्णाच्या बायकोने, शैलावहिनीने, घर धुऊन काढलं होतं. मृत्यू झालेल्या घरात शिजलेलं, विरजलेलं, आंबवलेलं काही ठेवायचं नाही, हे तिला कुणी शिकवायला नको. तिने फ्रिज रिकामा केला, कोनाडे रिकामे केले. तुझ्या बाटल्या तिला दिसल्या. इंजेक्शनच्या छोट्या काचेच्या बाटल्या, आत निळसर, गढूळ काहीतरी.

"नासलं होतं सगळं, भाऊजी," ती मला म्हणाली. "निळं पडलं होतं. मी फिनेल घालून लख्ख केल्या. ताईंना किती लागायची स्वच्छता." आणि पदराने डोळे पुसू लागली.

पडवीत धुतलेल्या पांढऱ्या पंचावर त्या सगळ्या उपड्या मांडून ठेवल्या होत्या. ओळीत. चकचकीत. तुझी इतक्या वर्षांची मेहनत मोरीतून गेली होती, आणि ती घालवणाऱ्या बाईने बाटल्यांची टोपणंसुद्धा जोडीने लावून ठेवली होती. इतक्या मायेने केलेला इतका मोठा घात मी पाहिला नाही. तिला काय बोलणार? तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आणि मी रविवारी आलो असतो तर एक संच माझ्या घरी असता.

तीन दिवस मी त्या बाटल्यांकडे बघत बसून होतो. चौथ्या दिवशी सकाळी मागच्या खोपटातून कुदळ काढली. दारात अण्णा.

"कुठे निघालास?"

"माळावर."

"कुदळ कशाला?"

"ताईचं काम राहिलंय."

"दहा दिवसांत गवत काय पळून जाणार आहे?"

"गवत नाही पळत, अण्णा. मी पळतो."

त्याला ते कळलं नाही. तुला कळेल. दहा दिवस थांबलो असतो तरी मुळं तिथेच असती, यात अण्णाचं काहीच चूक नव्हतं. पण मी पुढच्या रविवारी येतो म्हणणारा माणूस आहे. थांबल्यावर माझं काय होतं ते मला ठाऊक आहे.

"अशाने तिला मुक्ती मिळायची नाही," तो पाठीमागून म्हणाला.

"न मिळो. तिने कधी मागितली होती?"

हे मी मोठ्याने बोललो. वहिनीने ऐकलं, शेजारच्या वाडीतल्यांनी ऐकलं. बोलल्यावर मागे फिरलो नाही.

वर हिराबाई भेटली. माझ्या अंगावरचा पंचा, खांद्यावरची कुदळ बघून थांबली.

"भाऊ, सुतकात हायसा न्हवं?"

"आहे."

"मंग?"

"ताईचं काम आहे."

तिने खाली घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी कुनाला सांगत न्हाय. पन ठोंबं लावाल तवा मला बी द्या. म्हशींना याची चटक लागलीय. दुसऱ्या गवताला नाक मुरडत्यात, मेल्या." आणि मग, "बाय लई भांडायची ना तुमच्याशी?"

"हो."

"आता कोन भांडनार?" असं म्हणून ती भारा उचलून गेली. मी खडकाखाली बसलो. त्या दिवसांत तेवढाच रडलो. मग मारवेलचा एक ठोंब मुळांसकट काढला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणला.

तुला वाटत असेल, या गाढवाला पुढचं कसं आलं. मलाही नवल वाटलं. मी तुझ्याकडून काहीही शिकलो नाही, पण तुझ्या प्रत्येक कृतीवर हरकत घेतली होती, आणि घेतलेली प्रत्येक हरकत मला आठवत होती. दोन कुकर का? कारण एक डाळीचा, एक बाटल्यांचा, आणि दोघांत गल्लत केलीस तर घराबाहेर काढीन. मुळं इतक्यांदा का धुवायची? कारण मातीतल्या उडाणटप्पूंना आत घ्यायचं नाहीये, मुळाला घट्ट धरून बसलेले हवेत. चायनाग्रास कशाला, पुडिंग करतेस की शास्त्र? कारण पातळ ठेवलं तर ते हलतात आणि घट्ट केलं तर गुदमरतात, अर्धवट जमलेलं लागतं. डब्यांवर नावं तुझ्याच अक्षरात होती. मी पडवीच्या पायरीवर बसून वर्षानुवर्षं तुला छळलं होतं, आणि त्या छळातून सगळी कृती माझ्या डोक्यात उतरली होती. वहिनीने धुतलेल्या बाटल्या मी पुन्हा धुतल्या, फिनेलचा वास जाईपर्यंत, आणि कुकरला लावल्या. शिट्ट्या ऐकून अण्णा अंगणातून ओरडला, "सुतकात काय शिजवतोय हा?" त्याच्या आवाजात राग होता, आणि थोडी उत्सुकताही होती असं मला वाटलं.

पहिली खेप फुकट गेली. बाटल्यांत वर जाड साय धरली आणि नाल्यासारखा वास सुटला. उडाणटप्पू आत आले होते. मी सगळं फेकलं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. पाऊस थांबून थांबून पडत होता, आम्ही सगळे घाटावर ताटकळत उभे. लोक काय काय बोलून पाहत होते. शेवटी अण्णा, माझ्याशी बोलत नसल्यामुळे, हवेत म्हणाला, "कुणीतरी सांगा त्याला. म्हणावं, तिचे जिवाणू सांभाळीन असं बोल एकदा. सगळे भिजताहेत."

मी बोललो नाही. तुझ्या जिवंतपणी जे काम केलं नाही, त्याचं वचन कावळ्याला द्यायला माझी जीभ उचलेना. शिवाय पहिली खेप नासलेली होती, कुठल्या तोंडाने बोलणार? सगळे माझ्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने एक कावळा आला. भिजलेला होता, त्याला भूक लागली होती, आणि पिंडाशेजारी वडा ठेवलेला होता. तुझी इच्छा माझ्यापाशीच राहिली.

दुसऱ्या खेपेला मी मुळं तू धुवायचीस त्याच्या दुप्पट वेळा धुतली. बाटल्या फडक्याखाली ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवून दर तासाला बघितलं. एका सकाळी त्यातल्या काही बाटल्यांत तू मला दाखवायचीस तो पडदा दिसला. पृष्ठभागावर नाही, तळालाही नाही, वरून थोडं खाली, मलमलीच्या चिंधीसारखा पातळ, पांढुरका. त्याच्याभोवतीचं हिरवट पाणी निळं होत चाललेलं, म्हणजे आतले कामाला लागले होते. हवा हवी, पण फार नको, म्हणून ते तसे मधेच थांबतात. "आपल्याच घराण्यातले दिसतात," तू म्हणायचीस. "जवळ या, पण अंगावर येऊ नका."

ताई, ते तुझेच आहेत हे मला सिद्ध करता येणार नाही. त्याच खडकाखालचे आहेत, त्याच मुळांवरचे आहेत, पण तू निवडून, पारखून, वर्षं घालवून वेगळे काढलेले नेमके तेच, असं छातीठोक सांगणारा मी कोण? तुझ्या पडवीतलं जे गेलं ते गेलं. ते माझ्या एका रविवारामुळे गेलं आणि त्याची माफी मी मागतो, इथे, लिहून, पाच माणसं वाचतील अशा ठिकाणी. पण तू संपलीस, तुझं काम संपलं, असं जे सगळे हात जोडून म्हणत होते ते मी मानायला तयार नाही. गवताने तुझ्यासाठी सुतक पाळलं नाही. मुळांतल्यांना तर तू गेल्याचं कळलंसुद्धा नाही, ते आपले हवेतला नत्र धरत बसले होते. मला त्यांचा हेवा वाटला आणि मग धीरही वाटला.

गेल्या आठवड्यात उघडीप मिळाली तेव्हा मी माझा अर्धा उतार खणून काढला. तुझ्या भागातले ठोंब आणले आणि बाटल्यांतलं घमेल्यातल्या पाण्यात मिसळलं. वहिनी चढ चढून वर आली. घमेल्याकडे बोट करून म्हणाली, "यातच होते का ते? मी धुतले ते?"

"तसेच."

ती साडी खोचून घमेल्याशी बसली. "मी बुडवून देते. तुम्ही लावा." एकेक ठोंब ती इतक्या जपून बुडवून देत होती, की मला तुझी आठवण येऊन हात थांबायचा. तुला तिचा राग येणार नाही हे मला माहीत आहे. तू तिला आधी हात साबणाने धुवायला लावले असतेस, एवढंच.

संध्याकाळकडे अण्णा आला. बांधावर उभा राहिला. बराच वेळ बघून वहिनीला म्हणाला, "त्याला सांग, ओळ वाकडी जातेय."

ओळ खरंच वाकडी होती. मी सरळ केली.

हिराबाईलाही तिचे ठोंब दिले. पैसे देऊ लागली तेव्हा मी तुझ्यासारखाच खेकसलो.

आता राहिलं ते सांगतो, कारण तुझ्यापासून लपवून काही करायचं नाही. माझ्या भागाचे मी दोन पट्टे केलेत. एकात नुसते तुझे भाडेकरू, तू म्हणायचीस तसे, वर काही नाही. दुसऱ्यात तेच भाडेकरू आणि सुरुवातीला थोडा युरिया. हो, युरिया. तू कणभर नाही म्हणाली होतीस, मी घातलाय. तू असतीस तर गोणी उतारावरून ढकलून दिली असतीस आणि आठवडाभर फोन उचलला नसतास. माणूस गेलं की त्याचा शब्द खरा मानायचा, त्याच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही, असं सगळे मला सांगतात. मी तसं करणार नाही. तुझं चूक असेल तर ते चूकच, तू गेलीस म्हणून ते बरोबर होत नाही. करून दाखव म्हणाली होतीस, दाखवतो. ठोंब आत्ता कुठे रुजताहेत, यंदा काही कळायचं नाही. पुढच्या वर्षी दिवाळी सरली की बघू, कुठला पट्टा आधी पिवळा पडतो ते.

तुझा पट्टा जिंकावा असं मनातून वाटतंय. पण युरिया मी योग्य तेवढाच, योग्य वेळी, नीट पसरून घातला आहे. मुद्दाम हरणार नाही.

नंदू